तळटीप आणि ऋषिऋण

१९३९ साली वाशीम येथील पंडित वासुदेवशास्त्री धनागरे यांना एक ताम्रपट गवसला. वाकाटक नृपती दुसरा विंध्यशक्ती याने आपल्या राज्याच्या सदतिसाव्या वर्षी वत्सगुल्माहून, म्हणजेच आजच्या वाशीमहून, दिलेले हे दानपत्र. त्याचा काही भाग संस्कृतात, तर बहुतांश प्राकृतात आहे. यवतमाळचे इतिहाससंशोधक यशवंत खुशाल देशपांडे आणि डॉ. महाजन यांनी त्याचे वाचन करून त्याच वर्षी भारतीय इतिहास परिषदेपुढे निबंध ठेवला. पुढे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी ‘एपिग्राफिया इंडिका’त त्याचे साक्षेपी संपादन केले. या एका शोधामुळे वाकाटकांची वत्सगुल्म शाखा इतिहासाच्या पटावर आली, आणि अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातील शिलालेखात पूर्वीच्या पंडितांना न लागलेले सर्वसेनाचे नाव लागले.

वाकाटकांविषयी लिहिणारा कोणीही अभ्यासक आज मिराशींचा आधार घेतो, आणि ते उचितच आहे. परंतु १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या वाकाटकांच्या लेखांच्या खंडात स्वतः मिराशींनी काय केले, हे पाहण्यासारखे आहे. ताम्रपट कोणाला सापडला, तो प्रथम कोणी उजेडात आणला, पहिले वाचन कोठे छापले गेले, हे सारे त्यांनी आरंभीच नोंदवले. धनागरेशास्त्र्यांचे आणि देशपांडे यांचे नाव या शोधाशी जोडलेले राहिले, ते एका मोठ्या विद्वानाने आपल्या आधीच्यांचे ऋण चार ओळींत मान्य केले म्हणून.

शोध कोणाचा मानायचा? ज्याच्या हाती वस्तू आली त्याचा, ज्याने ती प्रथम वाचली त्याचा, की ज्याने तिचा अर्थ निर्विवाद केला त्याचा? एके काळी हा विद्वानांच्या सौजन्याचा प्रश्न होता. आता तो नेमणुकीचा, पदोन्नतीचा आणि संस्थेच्या मानांकनाचा प्रश्न झाला आहे. लेखकाच्या जागी कोणाचे नाव कितव्या क्रमांकावर आहे आणि त्या लेखाचा उल्लेख इतरांनी किती वेळा केला आहे, याची मोजदाद करणारी एक स्वतंत्र विद्याच जगात उभी राहिली आहे. तिचा काटा आज यवतमाळ, पुसद, वणी येथील महाविद्यालयांतील अध्यापकांच्या कपाळीही येऊन बसला आहे.

या काट्याचा जन्म मोठा मनोरंजक आहे. अमेरिकेतील युजीन गारफिल्ड यांनी १९५५ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक सूचना मांडली. एखाद्या निबंधाचा उल्लेख पुढे कोणकोणत्या निबंधांत झाला, याची सूची केली तर अभ्यासकाला एका विचाराचा माग काढता येईल, अशी ती सूचना. ही कल्पना त्यांना सुचली ती वकिलांच्या एका सूचिग्रंथावरून. जुन्या निवाड्याचा आधार नंतरच्या कोणत्या खटल्यांत घेतला गेला, हे त्या सूचीवरून अमेरिकेतील वकिलांना कळत असे. यवतमाळला वकिली करून संशोधनात रमणाऱ्या देशपांडे यांना ही युक्ती कदाचित चटकन पटली असती. गारफिल्ड यांची विज्ञान-उद्धरण सूची साठच्या दशकाच्या पूर्वार्धात प्रत्यक्षात आली. तिचा मूळ हेतू शोधण्याचा होता, तोलण्याचा नव्हता.

शोधण्याचे साधन तोलण्याचे कधी झाले, ते कोणाच्या फारसे लक्षात आले नाही. नियतकालिकांचा ‘प्रभाव गुणांक’ आला. २००५ साली हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने ‘एच निर्देशांक’ सुचवला. एखाद्याच्या वीस निबंधांचा प्रत्येकी किमान वीस वेळा उल्लेख झाला असेल, तर त्याचा निर्देशांक वीस. आयुष्यभराची विद्या एका आकड्यात! प्रशासकांना असा आकडा प्रिय असतो, कारण तो समजण्यासाठी निबंध वाचावा लागत नाही.

आकड्याला शास्त्राशास्त्रांतील भेद मात्र कळत नाही. गणितज्ञ वर्षाकाठी एखाद-दुसरा निबंध लिहितो, आणि त्याची दखल घ्यायला जगाला दहा वर्षे लागू शकतात. रेण्वीय जीवशास्त्रात निबंधांचा आणि संदर्भांचा पाऊस पडतो. गणितात सहलेखकांची नावे वर्णानुक्रमे लावण्याची रीत आहे, तर वैद्यकात पहिले नाव प्रत्यक्ष काम करणाऱ्याचे आणि शेवटचे प्रयोगशाळेच्या प्रमुखाचे. कणभौतिकीची तऱ्हा याहून निराळी. हिग्ज कणाच्या वस्तुमानाविषयी २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका निबंधाला ५,१५४ लेखक होते. एकूण ३३ पृष्ठांपैकी निबंध नऊ पृष्ठांचा, आणि उरलेल्या पृष्ठांवर लेखकांची व त्यांच्या संस्थांची यादी! उलट इतिहास, भाषा, तत्त्वज्ञान या विद्यांत एकटा माणूस वीस वर्षे खपून एक ग्रंथ सिद्ध करतो. या सर्वांना एकाच तराजूत घालणे म्हणजे सोने, कापूस आणि दूध एकाच मापाने मोजण्यासारखे आहे.

त्यातून हा तराजू कोणाच्या दुकानात आहे, हेही पाहिले पाहिजे. गारफिल्ड यांची सूची आज ‘क्लॅरिव्हेट’ या कंपनीकडे आहे, तर २००४ साली सुरू झालेली ‘स्कोपस’ ही दुसरी सूची ‘एल्सव्हिअर’ या युरोपीय प्रकाशनसंस्थेची आहे. आपल्या केंद्र सरकारच्या शिक्षणसंस्था मानांकनात संशोधनाचे गुण याच दोन वह्यांतून घेतले जातात. भारतीय विद्येच्या जमाखर्चाची खातेवही परदेशी व्यापाऱ्याच्या फडताळात, आणि त्या वहीत मराठीसाठी जवळजवळ पानच नाही.

देशपांडे यांचेच उदाहरण घ्यावे. १८८४ ते १९७० असे त्यांचे आयुष्य. यवतमाळात त्यांनी ‘शारदाश्रम’ ही संस्था नावारूपाला आणली, गावोगावच्या मठांतून आणि घरांतून हस्तलिखिते मिळवली. ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ हा त्यांचा ग्रंथ १९२५ साली यवतमाळहून निघाला. सांकेतिक लिप्यांत दडलेले हे वाङ्मय अभ्यासकांसमोर आणण्याचे जे काम राजवाडे आणि भावे यांनी आरंभले, ते वऱ्हाडात पुढे नेणाऱ्यांत देशपांडे अग्रणी होते. पुढे डॉ. वि. भि. कोलते यांनी केलेल्या संपादनाला आणि रेसाइड, अ‍ॅन फेल्डहाउस या परदेशी अभ्यासकांच्या कामाला जी भूमी लाभली, ती अशाच पूर्वसूरींनी नांगरलेली होती. आजच्या काट्यावर मात्र या माणसाचे वजन शून्याच्या आसपास भरेल. त्यांनी लिहिले ते बहुतेक मराठीत, छापले यवतमाळला, आणि त्यांच्या वाचकांनीही मराठीतच लिहिले.

डॉ. रा. चिं. ढेरे यांचा ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ १९८४ साली आला. त्याचे इंग्रजी रूप फेल्डहाउस यांनी २०११ साली प्रसिद्ध केले. मधल्या सत्तावीस वर्षांत महाराष्ट्रात या ग्रंथावर किती चर्चा झाली, किती प्रतिवाद झाले, साहित्य अकादमीचा पुरस्कारही मिळाला! जागतिक विद्यापीठांच्या बाजारात तो सहजपणे ‘दिसू’ लागला तो भाषांतरानंतर. ग्रंथ तोच होता, पुरावे तेच होते, बदलली ती केवळ भाषा. (ढेरे यांच्या कन्या अरुणा ढेरे या २०१९ साली यवतमाळातच भरलेल्या ब्याण्णवाव्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष होत्या. शारदाश्रमाच्या गावी हा योग जुळून यावा, हे समाधानाचे.)

आता या मोजदादीने प्रत्यक्षात काय घडवले ते पाहावे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० साली अध्यापकांसाठी गुणांकाची पद्धत आणली. शिकवणे, परीक्षा, संशोधन या सर्वांना गुण. हेतू चांगला होता, कारण वर्षानुवर्षे एकही ओळ न लिहिता निवृत्त होणारे प्राध्यापक काही कमी नव्हते. पण ज्या महाविद्यालयात ग्रंथालय बेताचे, प्रयोगशाळा जुनी आणि दिवसाचे तास वर्गात जाणारे, तेथील अध्यापकालाही तितकेच निबंध छापणे क्रमप्राप्त झाले. मागणी निर्माण झाली की पुरवठादार येतोच. पैसे भरा आणि आठवड्यात निबंध छापून घ्या, अशी ‘आंतरराष्ट्रीय’ नियतकालिके गल्लोगल्ली निघाली. ज्याने एक ओळ लिहिली नाही त्याचे नाव सहलेखक म्हणून घालायचे, पुढच्या वेळी त्याने आपले घालायचे; मार्गदर्शकाने शिष्याचे काम आपल्या नावावर घ्यायचे; चार जणांनी आळीपाळीने एकमेकांचे उल्लेख करून आकडा फुगवायचा. हा व्यवहार सर्वांना ठाऊक होता, बोलत मात्र कोणी नव्हते.

बोलले ते पुण्याचे डॉ. भूषण पटवर्धन आणि त्यांचे सहकारी. आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीत विद्यापीठांच्या शिफारशीवरून घुसलेल्या नियतकालिकांची त्यांनी नमुना पाहणी केली आणि २०१८ साली ‘करंट सायन्स’मध्ये निष्कर्ष मांडले. तपासलेल्या १,००९ नियतकालिकांपैकी ८९७ अपात्र ठरली. कोणी खोटा पत्ता दिलेला, कोणी संपादक मंडळाची माहितीच दडवलेली. त्याच वर्षी आयोगाने ४,३०५ नियतकालिके यादीतून काढून टाकली. २०१८च्या नव्या नियमांनी महाविद्यालयीन अध्यापकांवरचा संशोधनाचा भार हलका केला, २०२२च्या नियमांनी विद्यावाचस्पती पदवीपूर्वी निबंध छापण्याची सक्ती काढली. मधल्या काळात आलेली ‘केअर’ ही नवी यादी बंद करण्याचा निर्णय आयोगाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी घेतला आणि फेब्रुवारी २०२५मध्ये तो जाहीर केला. नियतकालिकाची पारख आता संस्थांनीच करायची आहे. चुकीची दुरुस्ती सरकारी यंत्रणेने केली, हे मान्य केले पाहिजे. पण पारख करणारी नजर परिपत्रकाने येत नाही.

आणि संशोधन करायचे तरी कशावर? २०१७च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात गेले. कोणती औषधे एकत्र मिसळली गेली, पंप कोणता होता, त्या वर्षी कपाशी डोक्याएवढी वाढल्याने फवारा अंगावर कसा आला, मजुराला डब्यावरील सूचना वाचता येत होती काय, या प्रश्नांची उत्तरे जिल्ह्यातील रसायनशास्त्र, प्राणिशास्त्र, समाजशास्त्र आणि वैद्यक यांच्या अध्यापकांनी एकत्र बसून शोधण्याजोगी होती. असे काम मराठीत लिहून पंचायत समितीत आणि कृषी केंद्रात पोहोचवले, तर त्याने माणसे वाचतील. पण गुणांकाच्या दृष्टीने ते जवळपास निरर्थक. त्याऐवजी एखाद्या रेणूवरचा अर्धाकच्चा निबंध इंग्रजीत छापला तर पदोन्नतीचा कागद पुढे सरकतो. जगातील जाणत्यांनाही हे दिसले आहे. २०१५च्या ‘लायडन जाहीरनाम्या’तील एक तत्त्व असे की, स्थानिक महत्त्वाच्या संशोधनाला आणि स्थानिक भाषेतील लेखनाला मूल्यमापनात संरक्षण हवे.

कर्तृत्वाची नोंद निबंधापुरतीच असते असेही नाही. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे गाव आहे. तेथील अल्पभूधारक शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ साली आपल्या धानातील वेगळ्या लोंब्या हेरल्या, त्यांचे बी निराळे राखले आणि वर्षानुवर्षे निवड करीत एक बारीक, चवदार वाण सिद्ध केले. लोकप्रिय घड्याळाच्या नावावरून ते ‘एचएमटी’ म्हणून बाजारात गाजले. १९९४ साली कृषी विद्यापीठाच्या सिंदेवाही केंद्राने त्यांच्याकडून बियाणे नेले आणि १९९८ साली ‘पीकेव्ही-एचएमटी’ हे वाण प्रसारित झाले. शुद्धीकरणाचे काम आमचे, असे विद्यापीठाचे म्हणणे. मूळ निर्मात्याचे श्रेय आपल्याला मिळाले नाही, ही दादाजींची व्यथा. पुढे त्यांचा सन्मान झाला, राष्ट्रपतींच्या हस्ते गौरवही झाला, पण जून २०१८मध्ये त्यांचा मृत्यू झाला तो विपन्नावस्थेतच. शुद्धीकरण हेही शास्त्रच आहे, त्याचे मोल नाकारण्याचे कारण नाही. तथापि मिराशींनी धनागरेशास्त्र्यांसाठी जे केले, तेवढे एका कोरभर कागदावर येथे करायला काय हरकत होती?

आधीच्याचे नाव घेणे ही पश्चिमेकडून आलेली शिस्त नव्हे. पाणिनीने आपल्या सूत्रांत शाकटायन, शाकल्य, गार्ग्य, आपिशलि अशा दहा पूर्वाचार्यांचा नावाने निर्देश केला, आणि तोही जेथे मतभेद आहे तेथे. वराहमिहिराने ‘पञ्चसिद्धान्तिके’त पाच सिद्धांतांचे सार दिले. त्यांत पौलिश आणि रोमक हेही होते. परक्या नावाचे सिद्धांत म्हणून त्याने ते लपवले नाहीत. भास्कराचार्यांनी बीजगणिताच्या शेवटी ब्रह्मगुप्त, श्रीधर, पद्मनाभ यांचे ऋण सांगितले. आणि मराठीच्या पहिल्या गद्य ग्रंथाची घडण कशी आहे? म्हाइंभटाने ‘लीळाचरित्रा’साठी चक्रधरस्वामींच्या आठवणी ज्याच्या त्याच्या तोंडून, गावोगाव फिरून जमवल्या. पुढे परंपरेने पाठ जुळवले तेव्हा वेगवेगळ्या आठवणी ‘वासना’ म्हणून शेजारीशेजारी राखल्या, कोणते कथन कोणाचे तेही सांगितले. रिद्धपूरच्या परिसरात तेराव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेली ही पद्धत तळटीपेहून वेगळी ती काय? देवऋण, पितृऋण यांच्याबरोबर आपल्याकडे ऋषिऋण सांगितले आहे, आणि ते फेडण्याची पहिली पायरी नाव घेणे हीच होय.

येथे थोडे कठोर बोलणे भाग आहे. स्वातंत्र्योत्तर काळात इतिहासलेखनाच्या क्षेत्रात एका विचाराच्या मंडळींनी एकमेकांनाच उद्धृत करून एक बंदिस्त वर्तुळ उभे केले, आणि अरुण शौरी यांनी १९९८ साली त्यावर सविस्तर टीका केली. ती टीका रास्त होती. पण तिचे उत्तर म्हणून राष्ट्रीय विचाराच्या वर्तुळात काय लिहिले जाते? ‘हे सारे आपल्याकडे आधीच होते’ हे वाक्य सभांतून, पुस्तिकांतून, भ्रमणध्वनीवरच्या संदेशांतून रोज फिरते. कोणत्या ग्रंथात, कोणत्या अध्यायात, कोणत्या हस्तलिखितात, याचा पत्ता नसतो. श्लोक दिला तर तो कोठला हे नसते, आणि पुष्कळदा तो ग्रंथात सापडतच नाही. असे एक बनावट वचन पकडले गेले की शंभर अस्सल वचनेही संशयाच्या छायेत येतात. धरमपाल यांनी १९७१ साली अठराव्या शतकातील भारतीय विज्ञानावरचा ग्रंथ सिद्ध केला तो इंग्रजांच्याच दप्तरांतील मूळ कागद समोर ठेवून. म्हणून तो टिकला. शंकर बाळकृष्ण दीक्षित हे शिक्षण खात्यातील अध्यापक. त्यांचे ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ १८९६ साली मराठीत निघाले. त्याच वर्षी रॉबर्ट सिवेल यांच्याबरोबर त्यांचे नाव भारतीय पंचांगावरील इंग्रजी ग्रंथाच्या मुखपृष्ठावर आले. ब्रिटिश राज्यात एका मराठी मास्तरला हा मान मिळाला तो गणिताच्या अचूकपणामुळे. भारतरत्न पां. वा. काणे यांच्या ‘धर्मशास्त्राच्या इतिहासा’त तर कित्येक पृष्ठांवर मजकुरापेक्षा टीपा मोठ्या आहेत, आणि प्रतिपक्षाची वचनेही तितक्याच प्रामाणिकपणे दिलेली आहेत.

३ ऑक्टोबर २०२४ या दिवसाला आणखी एक महत्त्व आहे. आयोगाने जुनी यादी मोडीत काढण्याचे ठरवले त्याच दिवशी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. तो दर्जा घोषणांनी मिळाला नाही. प्रा. रंगनाथ पठारे समितीने २०१३ साली सादर केलेला अहवाल शिलालेख, ताम्रपट आणि जुन्या ग्रंथांच्या पुराव्यांवर उभा होता, आणि ते पुरावे देशपांडे यांच्यासारख्या शेकडो अनाम-अल्पनाम संशोधकांनी जमवून ठेवले होते.

केंद्राच्या ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजनेने २०२५पासून सरकारी शिक्षणसंस्थांना सुमारे तेरा हजार परदेशी-देशी नियतकालिके वाचनासाठी खुली झाली. तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये. वाचण्याचे दार उघडले, हे उत्तम झाले. आपले लिहिलेले जगाला दिसण्याचे दार अद्याप बंदच आहे. रिद्धपूर येथे मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले आहे, अमरावती विद्यापीठाला चार दशके झाली आहेत. शारदाश्रमाची वार्षिके, विदर्भ संशोधन मंडळाची वार्षिके, भारत इतिहास संशोधक मंडळाची त्रैमासिके घेऊन कोणत्या लेखाचा आधार पुढे कोणी घेतला याची मराठी सूची करायला सहा हजार कोटी लागणार नाहीत. त्यासाठी दोन-चार जाणते ग्रंथपाल, काही पदव्युत्तर विद्यार्थी आणि प्रत्येक जीर्ण अंक उलगडून पाहण्याची चिकाटी पुरेल. काम यवतमाळपासून सुरू करता येईल, आणि पहिल्या नोंदींत १९३९च्या त्या ताम्रपटापुढे सर्व नावे लिहावी लागतील : धनागरे, देशपांडे, महाजन, मिराशी.